बाळाला बाधलं ते नेमकं काय?

मामाच्या हातून उष्टावण झालं की घरात रोजची चौकशी सुरू होते. पेणजवळच्या हमरापूरचं घर असो की रोह्यात कुंडलिकेच्या काठावरचं, गालावर चार पुटकुळ्या दिसल्या की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला: "काल काय भरवलंस गं त्याला?" संशयितही ठरलेले असतात. अंडं, सुकट, दाण्याचं कूट, म्हशीचं दूध. बाळ अंगावर पीत असेल तर आईनं खाल्लेलं वांगंसुद्धा सुटत नाही. मग एकेक पदार्थ बंद होत जातो आणि महिन्याभरात बाळाच्या वाटीत पेजेशिवाय काही उरत नाही.

पेजेनं पोट भरतं, पण वाढत्या बाळाला लागणारं लोह आणि प्रथिनं तिच्यात फारच थोडी. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोहही अपुरं पडायला लागतं. अशा वेळी नुसत्या संशयावरून अंडं, मासे, डाळ काढून घेतली तर त्याची किंमत बाळाचं वजन आणि रक्त मोजतं. संशय जरूर घ्यावा. पण तो तपासायची एक रीत आहे आणि त्या रीतीला पहिल्यांदा लागतं ते घड्याळ.

"अंगावर उठलं, म्हणजे खाण्यातलंच काहीतरी"

लहान मुलांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठण्याचं सर्वांत नेहमीचं कारण विषाणूंचा संसर्ग हे आहे. साधी सर्दी, थोडी कणकण आणि त्यासोबत दोन-चार दिवस येत-जात राहणाऱ्या गांधी. आपल्याकडच्या दमट हवेत घामोळ्यांची भर पडते, भाताच्या खाचरांजवळच्या घरांत डासांची. घरात दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल, तर खरजेचा विचार आधी करावा. टोमॅटो किंवा लिंबू लागून तोंडाभोवती आलेली लाली बहुतेक वेळा आंबटपणानं त्वचा चुरचुरल्याची असते. पुसल्यावर ती थोड्या वेळात जाते.

खऱ्या ॲलर्जीचं वागणं वेगळं असतं. तिचा झटपट प्रकार खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतो. गांधी, ओठ किंवा पापण्यांना सूज, धडाधड उलट्या, खोकला, छातीत घरघर. आणि तोच पदार्थ पुन्हा दिला की बहुधा तेच पुन्हा होतं. सोमवारी अंडं दिलं आणि बुधवारी पुरळ आलं, तर अंड्याला दोष देता येत नाही. एखादा पदार्थ बाळानं दहा वेळा सुखानं खाल्ला असेल, तर अकराव्या वेळच्या पुरळाचं कारण आधी दुसरीकडे शोधावं.

म्हणून घरात एक वही ठेवावी. पदार्थ कोणता, किती, किती वाजता, आधी कधी खाल्ला होता का, काय दिसलं, किती वाजता आणि कधी गेलं, एवढंच लिहायचं. "सकाळी ९, उकडलेलं अंडं एक चमचा, दुसऱ्यांदा. ९.२० ला हनुवटीवर गांधी, एक उलटी. ११ पर्यंत सगळं गेलं." डॉक्टरांना अशी एक नोंद "अंडं सोसत नाही" या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा, कारण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत गांधी बहुधा विरलेल्या असतात. नवा पदार्थ सकाळी द्यावा, थोडासाच द्यावा आणि त्या दोन-तीन दिवसांत दुसरा नवा पदार्थ आणू नये. रात्री झोपताना काही नवीन देऊ नये, कारण काही झालंच तर लक्षात यायला उशीर होतो.

दुसरा प्रकार संथ असतो आणि तो ओळखणं अवघड जातं. अंगावर पिणारं बाळ हसतं-खेळतं आहे, वजन वाढतं आहे, पण शीत रक्ताचे बारीक धागे दिसतात. यात आईच्या आहारातल्या दुधाचा संबंध असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ थांबवून पाहायचे आणि मग ते पुन्हा सुरू करून पाहायचे. ही दुसरी पायरी बहुतेक घरांत राहूनच जाते. पुन्हा सुरू केल्यावर रक्त दिसलं नाही, तर दूध निर्दोष. अंगावर पाजणं यासाठी थांबवायची गरज नसते.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात गांधी उठतच नाहीत. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ वरचेवर ओकू लागतं, पांढरं पडतं, मलूल होतं. जगभरात याच्या कारणांच्या यादीत दूध, सोया यांच्यासोबत तांदूळही आहे. भाताच्या या मुलखात पेजेवर कुणाचा संशय जात नाही, पण अशा उलट्या पेज दिल्यावर दोनदा झाल्या असतील, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगायला हवं.

"मासे उष्ण, सुकट तर नकोच"

ताजे मासे सहा महिन्यांनंतर, काटे नीट काढून आणि पूर्ण शिजवून द्यायला हरकत नाही. सुकटीत मीठ फार असतं, म्हणून ती वर्षाखालच्या बाळाला नको. हे कारण मिठाचं आहे, ॲलर्जीचं नव्हे.

पापलेट, बांगडा हे मासे; कोळंबी, जवळा, खेकडे ही कवचाची जात; तिसऱ्या हा शिंपल्यांचा प्रकार. कोळंबीनं गांधी उठल्या म्हणून पापलेट बंद करायची गरज बहुधा नसते, कारण दोन्हींतली ॲलर्जी आणणारी प्रथिनं वेगळी. मात्र कोळंबी बाधत असेल तर जवळा आणि खेकडे यांबाबतही सावध राहायला हवं. त्यांच्यातलं ते प्रथिन सारखं असतं, आणि उकळून किंवा वाळवून नाहीसं होत नाही. "ओली बाधते, सुकी चालेल" हा समज त्यामुळे धोक्याचा आहे.

बांगड्याची गोष्ट निराळी. हा मासा बर्फाविना तासन् तास उन्हात राहिला की त्यात जिवाणूंमुळे हिस्टॅमिन साचतं. ते खाल्लं की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. दिसायला हुबेहूब ॲलर्जी, प्रत्यक्षात विषबाधा. हिस्टॅमिन शिजवूनही जात नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच जेवणानंतर असं झालं, तर दोष त्या दिवशीच्या माशाचा. बाळाला मासे बाधतात असा त्याचा अर्थ काढू नये.

"अंडं, दाणे वर्षानंतरच"

या समजाला एके काळी डॉक्टरांचाच पाठिंबा होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांसाठी सल्ला दिला होता: गाईचं दूध एक वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, शेंगदाणे आणि मासे तीन वर्षांनंतर. २००८ मध्ये त्यांनी तो मागे घेतला, कारण उशीर केल्यानं ॲलर्जी टळते असा पुरावा मिळेना.

मग २०१५ साली लंडनमध्ये गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं, सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी, म्हणजे धोका जास्त असलेली. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नेमानं दिले, अर्ध्यांचे पूर्ण बंद ठेवले. पाचव्या वर्षी, दाणे टाळलेल्या मुलांपैकी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. दाणे खाणाऱ्यांत ती ३.२ टक्के मुलांनाच होती. लवकर आणि नेमानं खाल्ल्यानं संरक्षण मिळालं होतं.

आपल्याकडे तर दाण्याचं कूट भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे असतं. सहा महिने पुरे झालेल्या बाळाला अगदी बारीक केलेलं कूट पेजेत किंवा नाचणीच्या सत्त्वात कालवून देता येतं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी एखाद्या पदार्थानं त्रास झाला असेल, तर कूट देण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधाला मात्र एक वर्ष थांबायलाच हवं. त्याचं कारण बॉट्युलिझम नावाचा आजार आहे, ॲलर्जीशी त्याचा संबंध नाही.

"डाळीचं पीठ आणि साय, बाळाच्या अंगाला उत्तम"

याच गिडियन लॅक यांच्या गटानं २००३ साली ब्रिटनमधल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांत एक धागा सापडला. त्यांच्यातल्या अनेकांच्या त्वचेवर बाळपणी शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली गेली होती. त्यातून पुढे आलेला विचार असा: अन्न तोंडावाटे पोटात गेलं तर शरीर त्याला आपलं मानायला शिकतं, आणि तेच अन्न फाटलेल्या, इसबाच्या त्वचेतून आत शिरलं तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं.

आपल्याकडच्या न्हाणीघरात याचा विचार व्हायला हवा असं मला फार वाटतं. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या अंघोळीला येणाऱ्या मावशी डाळीचं पीठ, दूध, साय लावून बाळाची लव काढतात. निरोगी त्वचेवरही ते चोळणं टोचणारंच, पण गालावर, कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे कोरडे लाल चट्टे असतील तर अन्नाचा कुठलाही पदार्थ तिथे चोळू नये. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ आणि ओल्या अंगावर साधं, वासाचं नसलेलं मलम, एवढं पुरे. इसबही अन्नामुळेच होतो असं धरून ताट कमी करणं चुकीचं आहे. पुष्कळ मुलांचा इसब त्वचेची नीट काळजी घेतल्यावरच आटोक्यात येतो.

"गाईचं सोसत नाही, तर शेळीचं द्या"

गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांना शेळीचं दूधही बाधतं, इतकी त्यांची प्रथिनं जवळची. म्हशीच्या दुधाचंही तसंच. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट कमी असतं. जुलाबानंतर काही दिवस दूध पचत नाही, शी आंबूस वासाची आणि फेसाळ होते, बूड लाल होतं. तो दुधातल्या साखरेचा प्रश्न आहे आणि आतडं बरं झालं की बहुधा आपोआप सुटतो. त्याला ॲलर्जी म्हणून वर्षभर दूध बंद ठेवणाऱ्या घरांनी एकदा डॉक्टरांशी बोलावं.

"रक्त तपासलं की सगळं कळतं"

कर्नाटकातल्या प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे २०१६ साली प्रसिद्ध झाले. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. प्रत्यक्षात खाऊन त्रास होतो आणि रक्तही तेच सांगतं, असे लोक १.२ टक्केच होते. म्हणजे पन्नास-शंभर पदार्थांची यादी लावून तपासणी केली, तर बाळ जे रोज आनंदानं खातं तेही "पॉझिटिव्ह" येऊ शकतं. वहीतल्या नोंदीवरून जो पदार्थ संशयित ठरला, त्याचीच तपासणी कामाची असते. "आयजीजी" नावाच्या तपासणीला तर ॲलर्जीच्या निदानात स्थानच नाही. ती घेऊ नका. खात्रीचा निकाल लागतो तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन. ते घरी करून पाहू नये.

"आमसुलाचं पाणी लावलं की उतरतं"

नुसत्या गांधींना आमसुलाच्या पाण्यानं थंड वाटत असेल तर वाटू द्या. पण गांधींसोबत बाळाचा आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, बाळ एकाएकी लोळागोळा झालं किंवा उलट्या थांबेनात, तर एक मिनिटही घालवू नका. याला लागणारं औषध एकच, ॲड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शननं. खाजेचं सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही. १०८ ला फोन करा आणि बाळाला आडवं ठेवा, उभं धरून फिरवू नका. श्वासाला त्रास होत असेल तर मांडीवर टेकवून बसवा. लसीकरण जिथे होतं त्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनालिनची कुपी ठेवलेली असते, म्हणून मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर जवळचं केंद्र ओलांडून पुढे जाऊ नका.

लसीचा विषय निघालाच आहे तर, अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळालाही नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस देता येते. त्या कारणानं ती पुढे ढकलू नका.

निदान पक्कं झालं तरी ते कायमचं समजू नये. दूध आणि अंडं यांची ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत ओसरते. शेंगदाणे, मासे, कोळंबी यांची बऱ्याचदा राहते. म्हणून पदार्थ बंद करतानाच डॉक्टरांना विचारून घ्या, पुन्हा तपासायचं कधी. तो महिना वहीत लिहून ठेवा आणि तोवर अंगणवाडीतल्या ताईंना, आजीला, शेजारच्या काकूंना बाळाला नेमकं काय द्यायचं नाही आणि काय खुशाल द्यायचं, हे दोन्ही सांगून ठेवा.