न पाहिलेले सोबती

रात्रीं दहानंतर संगणकापुढें बसून सूनबाई करते तरी काय, आणि त्याचा पगार किती? असा प्रश्न गेल्या चातुर्मासांत आमच्या घरांतील वडील मंडळींनीं विचारला. त्या मंडळींत आम्हीहि होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. पगार कांहीं नाहीं, असें उत्तर आलें. मुलांसाठीं नोकरी सोडलेली ही सुशिक्षित मुलगी कोल्हापुरांत घरीं बसून, ज्यांचीं तोंडेंहि तिनें पाहिलेलीं नाहींत अशा लोकांबरोबर, लेखनाच्या एका सॉफ्टवेअरचें मराठी रूप सिद्ध करीत होती.

हा व्यवहार काय आहे तें थोडक्यांत सांगतों. पुष्कळ सॉफ्टवेअरची घडण मालकाच्या कुलपांत असते. 'मुक्तस्रोत' सॉफ्टवेअरची घडण मात्र कोणासहि वाचतां येते; ज्यास ती कळेल त्यानें तींत सुधारणा करावी व ती इतरांस द्यावी, अशी मोकळीक परवान्यांतच असते. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' नांवाच्या प्रणालीचा गाभा असाच लोकांपुढें ठेवला. देशोदेशींच्या लोकांनीं तो वाढवला, आणि आज अँड्रॉइड मोबाइलच्या पोटांत तोच आहे. त्या कामीं आतां पगारी माणसेंहि पुष्कळ आहेत. पण भाषांतरासारखीं कित्येक कामें अद्यापि हौशी लोकांच्या बळावरच चालतात. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडियाहि अशाच स्वयंसेवकांनीं उभा केला आहे. ही रीत अगदींच नवी नव्हे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठीं जेम्स मरे यांनीं १८७९ सालीं आवाहन केलें, तेव्हां असंख्य वाचकांनीं घरबसल्या शब्दांचीं अवतरणें टपालानें धाडलीं होतीं.

एके रात्रीं सहज पडद्याकडे पाहिलें, तों 'कोर्या पानावर' असें छापलेलें! आम्हांस राहवेना. आचार्यांस धाडलेलें निमंत्रण आचाऱ्यास पोंचावें, असा हा प्रमाद. सूनबाईनें समजावलें कीं, संगणकाच्या वर्णमालेंत 'ऱ' हें निराळें अक्षर आहे. त्यास हलन्त करून पुढें 'य' लिहिला म्हणजे मराठीचा 'ऱ्य' उमटतो. मग तिच्या साहाय्यानें आम्हीं तशीं चुकलेलीं सर्व स्थळें शोधून सूचना पाठवली. दोन दिवसांत ती मान्य झाली, आणि आम्हांस मोठा अभिमान वाटला.

तो फार टिकला नाहीं. उत्साहाच्या भरांत आम्हीं 'फाइल' काढून सर्वत्र 'संचिका' घालावी असें सुचवलें. येथें कोणाचीहि सूचना दुसऱ्यानें तपासल्यावांचून स्वीकारली जात नाहीं, आणि होकार असो वा नकार, त्याचें कारण सर्वांस दिसेल असें लिहावें लागतें. सकाळीं उत्तर आलें: 'फाइल' लोकांच्या तोंडीं रुळला आहे; वापरणारा अडेल असा शब्द नको. लिहिणारा आमच्या विद्यार्थ्याच्या वयाचा असावा. आम्हीं जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या; आमची वही कोणी तपासली नव्हती. दोन दिवस आम्हीं संगणकाकडे फिरकलों नाहीं. तिसऱ्या दिवशीं सूनबाई एवढेंच म्हणाली, "मामंजी, माझ्या तर निम्म्या सूचना परत येतात." एकदां तरी तिनें त्याबद्दल घरांत तोंड वाईट केल्याचें आम्हांस आठवेना. आम्हीं उठलों, आणि 'फाइल' मान्य असल्याचें कळवलें.

त्या मंडळींत कोणी कोणाचें वय, पदवी वा घराणें पाहत नाहीं. काम तेवढें पाहतात. म्हणून जी घराबाहेर पडूं शकत नाहीं, आणि ज्याचें वय झालें आहे, त्या दोघांसहि तेथें सारखेंच आसन आहे. नियम मात्र थोडे पाळावे: झेपेल तेवढेंच काम अंगावर घ्यावें, घेतलेलें पुरें करावें, आणि नकारास रागानें उत्तर देऊं नये.

आमच्या घरीं आतां रात्रीं दहानंतर दूध तापवून विरजण लावण्याचें काम आम्हांकडे आलें आहे. वडील मंडळींचा पगाराचा प्रश्न तेव्हांपासून बंद आहे.