पेन्सिलीच्या रेघेने वाढलेला वेग

गटाचे हिशोब कॉम्प्युटरवर गेल्यापासून बैठकीत आम्हाला एकच विचारलं जातं, "ताई, आमचा जुना कॉम्प्युटर फार रेंगाळतो, त्याचा प्रोसेसर वाढवता येईल का?" दुरुस्तीवाला "नवाच घ्या" म्हणून मोकळा होतो. पैसे मात्र सगळ्यांच्या बचतीतले.

प्रोसेसर ही आकडेमोड करणारी चिप. मदरबोर्डवरचा ठेका गुणिले चिपमधला गुणक, एवढा तिचा वेग. १९९८ साली इंटेलची सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप आली. ठेका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. हौशी मंडळींनी ठेका १०० वर नेला आणि वेग झाला ४५०, तोही फुकटात! २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन चिपांचा गुणक कंपनीने बारीक जोड तोडून बंद केलेला असे. लोकांनी ते जोड चक्क शाळेच्या पेन्सिलीने रेघ ओढून जुळवले. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते ना! आम्हाला तर ही युक्ती भारीच आवडते.

पण वेग वाढला की चिप तापते. त्या काळच्या अ‍ॅथलॉनवरचा पंखा आणि थंड ठेवणारा धातूचा ठोकळा निघाला, तर ती काही सेकंदांत जळायची. आणि न जळताही चुकली, तर फाइल बिघडते. खेळाच्या कॉम्प्युटरवर हे चालेल, कर्जाच्या नोंदींवर नाही.

शिवाय बहुतेकदा दोष प्रोसेसरचा नसतोच. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स बघा. डिस्क सतत १०० टक्के आणि सीपीयू निवांत, तर फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. फरक लगेच कळतो. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवा, फक्त डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, हे घेण्याआधी बघा. सीपीयूच सतत १०० वर असेल तर आधी पंख्यातली धूळ काढून घ्या. मगच प्रोसेसर बदलायचा विचार, आणि तोही मदरबोर्डला चालणाराच हवा. लॅपटॉपमध्ये तो बहुधा डाग देऊन पक्का केलेला असतो, तिथे तो नाद सोडा.

काम देण्याआधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवा. आणि काढलेली जुनी डिस्क दुकानात ठेवू नका, मागून घ्या. तिच्यावर आपल्या सभासदांची आधार कार्डं आणि पासबुकं असतात.