पान उघडायचं ते १८७३ चं

सकाळी ६:१५

आज दुपारी तीनला पुस्तक समितीची शेवटची बैठक. आमच्या हायस्कुलात दहावी-अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवायला नवं पुस्तक घ्यायचंय, आणि तीन नमुन्यांवरचा माझा अभिप्राय अजून कागदावर उतरलेला नाही. चहा घेता घेता मुद्दे टिपून काढते.

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला हा प्रकार समजायला वेळ लागतो. बालभारती १९६७ पासून पुस्तकं काढते आणि राज्य मंडळाच्या शाळांत तीच चालतात. शिक्षकाने पुस्तक निवडायचं नसतं, संपवायचं असतं. इथे न्यू जर्सीत राज्य फक्त काय शिकवायचं ते सांगतं. हायस्कुलात दोन वर्षं अमेरिकेचा इतिहास सक्तीचा, हेही राज्यानेच ठरवलेलं. पुस्तक कुठलं, हे मात्र ज्या त्या गावचं स्कूल बोर्ड बघतं. टेक्सास, फ्लोरिडासारखी काही राज्यं मंजूर पुस्तकांची यादी करतात. आमच्याकडे तसली यादी नाही, त्यामुळे प्रकाशकांचे विक्रेते थेट शाळेच्या दारात येतात. जाताना पेनं, पिशव्या आणि सहा किलोंचा ऐवज ठेवून जातात.

७:३५, पहिला तास

दहावीचा वर्ग, अर्धा झोपेत. आज ३१ मार्च असल्यामुळे विषय आयता हाताशी आहे. १८७० साली याच तारखेला, इथून गाडीने थोड्याच अंतरावरच्या पर्थ अँबॉय गावात टॉमस मंडी पीटरसन यांनी मतदान केलं. वंश किंवा रंगावरून मताधिकार नाकारता येणार नाही, ही पंधरावी घटनादुरुस्ती लागू झाल्याचं आदल्याच दिवशी जाहीर झालं होतं. त्या दुरुस्तीच्या बळावर मत देणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पीटरसन गावातल्या शाळेची देखभाल करायचे. आपल्या भाषेत शिपाईकाका.

"म्हणजे आपलं राज्य चांगल्यांच्या बाजूचं होतं," मागच्या बाकावरून निष्कर्ष आला. मी १८६० च्या जनगणनेचा आकडा फळ्यावर लिहिला: १८. न्यू जर्सीत त्या वर्षीही अठरा माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती, कायद्याच्या कागदावर त्यांना 'आजन्म शिकाऊ उमेदवार' असं गोंडस नाव दिलेलं होतं. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती या राज्याच्या विधिमंडळाने १८६५ मध्ये चक्क फेटाळली. देशभर ती लागू झाल्यानंतर, १८६६ च्या जानेवारीत, मान्यता दिली. वर्ग जागा झाला.

यातली एकही गोष्ट तिन्ही नमुन्यांत नाही, आणि असावी अशी माझी अपेक्षाही नाही. पन्नास राज्यांत विकायच्या पुस्तकात पर्थ अँबॉय कुठून येणार? मला पुस्तकात एवढंच बघायचं असतं की अशी गोष्ट त्यात खोचायला फट आहे का. काही पुस्तकं इतकी ठासून भरलेली असतात की शिक्षकाला श्वास घ्यायला जागा नसते.

९:१०

एपीचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा वर्ग. या मुलांना मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा, १४९१ पासून आजपर्यंतचे नऊ कालखंड, आणि कागदपत्रं वाचून लिहायचा मोठा निबंध. त्यांचं पुस्तक ठरलेलं आहे: 'द अमेरिकन पेजंट'. १९५६ मध्ये टॉमस बेली यांनी लिहिलं, पुढे डेव्हिड केनेडी आणि लिझाबेथ कोहेन यांनी चालू ठेवलं. हजाराच्या वर पानं. भाषा खुमासदार, त्यामुळे मुलं तक्रार करत करत का होईना, वाचतात. या पुस्तकाला आज हात लावायचा नाहीये. ज्यांना वाचनाची गोडी नाही, ज्यांचं इंग्रजी दोन वर्षांपूर्वी सुरू झालं, ज्यांच्या घरी स्पॅनिश किंवा गुजराती चालतं, त्यांच्यासाठी काय घ्यायचं हा खरा पेच आहे.

१०:५०, ऑफ तास

तिन्ही नमुने टेबलावर. निळं, तपकिरी आणि ज्याच्या मुखपृष्ठावर गरुड आहे ते.

पहिलं प्रकरण मी कधीच वाचत नाही. ते सगळ्यांनीच घोटून लिहिलेलं असतं. मी मागून सुरुवात करते, सूचीपासून. माझी काही ठरलेली नावं आहेत. त्यातलं एक भगतसिंग थिंड. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेला हा शीख माणूस, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांगितलं की तू 'गोरा' नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस. भारतीयांना नागरिकत्वाची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९४६ मध्ये, तीही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासकट. आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवला पाहिजे असा कायदा न्यू जर्सीने २०२२ च्या जानेवारीत केला, तेव्हा हे नाव शोधणं ही माझी खासगी हौस राहिलेली नाही. निळ्यात थिंड नाही. तपकिरीत आहे, पण पानाच्या कडेच्या रंगीत चौकटीत. चौकटीतला मजकूर परीक्षेला येत नाही हे मुलं पक्कं ओळखून असतात.

मग मी उघडते ते १८६५ ते १८७७ चं प्रकरण, ज्याला इथे रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. यादवी युद्ध संपलं, चाळीस लाख माणसं गुलामीतून सुटली, पुढे काय? पुस्तकाचं पाणी इथे कळतं, कारण अमेरिकेतली क्रमिक पुस्तकं सर्वांत जास्त काळ खोटं बोलली ती इथेच. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी अशी मांडणी रूढ केली की त्या काळात कृष्णवर्णीयांना मत देणं हीच चूक होती आणि उत्तरेकडच्या लबाडांनी दक्षिणेला लुटलं. शाळांत पिढ्यान्‌पिढ्या हेच घोकलं गेलं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, तेव्हा डनिंग त्याच विद्यापीठात शिकवत होते. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ मध्ये या मांडणीविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणात शाळेची पाठ्यपुस्तकं एकेक करून तपासली. तरीही मुख्य प्रवाह वळायला पुढची काही दशकं लागली. १९८८ मध्ये एरिक फोनर यांचा रिकन्स्ट्रक्शनवरचा ग्रंथ आला, तोही कोलंबियाच्याच प्राध्यापकाचा.

या प्रकरणात मी १८७३ शोधते. त्या वर्षीच्या १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात न्यायालयाच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला, इमारत पेटवली, शरण आलेल्यांनाही मारलं. मृतांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांची शिक्षा रद्द केली. आणि त्याच १८७३ मध्ये पुण्याहून जोतीराव फुले 'गुलामगिरी' प्रसिद्ध करत होते, गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण करून.

फुल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मुक्ती खरीच झाली होती. मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स १८७० मध्ये सिनेटवर पोचले होते. मला असं पुस्तक हवंय ज्यात ती अर्पणपत्रिका पटेल आणि कोलफॅक्सही दिसेल, आणि दोन्ही वाचून पोराला असं वाटणार नाही की ही दोन वेगळ्या देशांची गोष्ट आहे. नुसतं गौरवगान किंवा नुसतं पापपुराण लिहायला फार अक्कल लागत नाही.

तपकिरीत कोलफॅक्सला दोन परिच्छेद आहेत, शिवाय एका साक्षीचा उतारा. गरुडवाल्यात एक ओळ. निळ्यात गावाचं नाव नाही. तिथे दक्षिणेत हिंसाचार 'उसळतो'. पावसाळ्यात नदीला पूर येतो तसा आपोआप.

१२:२०

डब्यात थालीपीठ. समोर आमच्या विभागातले सर्वांत जुने सहकारी, जे सुट्टीत यादवी युद्धाच्या लढायांचे प्रयोग करायला लोकरी गणवेश घालून जुलैच्या उन्हात उभे राहतात. त्यांचा जुना हट्ट: पाठ्यपुस्तक घ्याच कशाला? हॉवर्ड झिन यांचं १९८० चं 'अ पीपल्स हिस्टरी' आणि विल्फ्रेड मक्ले यांचं २०१९ चं 'लँड ऑफ होप', दोन्ही द्या आणि मुलांना भांडू द्या. कल्पना झकास आहे. पण भांडायला आधी कोण कोणाचं काय लागतं ते ठाऊक हवं. दोन वकिलांची भाषणं ऐकून खटला कळत नाही.

१:०५, अकरावीचा वर्ग

तिन्ही पुस्तकांतली रिकन्स्ट्रक्शनची दोन-दोन पानं झेरॉक्स केली, प्रकाशकाचं नाव झाकून. कामगिरी एकच: प्रत्येक वाक्यात जो काही करतो त्याच्याखाली रेघ मारा. ज्या वाक्यात करणारा सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका.

पहिली दहा मिनिटं कुरकुर. मग निळ्या पुस्तकाच्या पानांवर प्रश्नचिन्हांची गर्दी झाली. डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेला एक मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, पान हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याने चार प्रश्नचिन्हं एका रेघेने जोडली होती. इथे मतदार कमी झाले, इथे शाळा जळाल्या, इथे सरकारं पडली, इथे व्यवस्था पूर्ववत झाली. "मिस, हे सगळं एकाच माणसाने केलंय का? त्याचं नाव का नाही दिलं?"

तपकिरी पुस्तक त्यांना जड गेलं हेही खरं. वाक्यं लांब, एका पानावर अनोळखी शब्दांचा खच. तिघा-चौघांनी तिसऱ्या परिच्छेदात हात टेकले. गरुडवालं सगळ्यांनी संपवलं. पण गोषवारा सांगायला लावला तर कोणालाच धड सांगता येईना. वाचायला सोपं आणि लक्षात राहायला अवघड असंही पुस्तक असतं.

३:००, बैठक

सुपरवायझरबाई, आम्ही चार शिक्षक, ग्रंथपाल, दोन पालक.

एका पालकाने पहिलाच सवाल बरोबर टाकला: हे पुस्तक टेक्सासमध्ये विकतात तेच का? 'न्यू यॉर्क टाइम्स'ने २०२० च्या जानेवारीत कॅलिफोर्निया आणि टेक्सासची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून दाखवली होती. प्रकाशक तोच, लेखक तेच, आणि घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीपाशी कॅलिफोर्नियाच्या प्रतीत बंदुकांवरच्या निर्बंधांबद्दल टीप, टेक्सासच्या प्रतीत त्या जागी कोरा कागद. तेव्हा कुठली आवृत्ती मिळणार ते मागणीपत्रात लिहून घ्यायचं ठरलं.

दुसरे पालक तपकिरी पुस्तकातल्या एका छायाचित्रावर अडले. झुंडीने फाशी दिलेल्या माणसाचं छायाचित्र, खाली उभे बघे. मुलांना हे कशाला दाखवायचं? प्रश्न प्रामाणिक होता, उडवून लावण्याजोगा नव्हता. मी मिसिसिपीतला खटला सांगितला. जेम्स लोवेन आणि चार्ल्स सॅलिस यांनी १९७४ मध्ये त्या राज्याच्या इतिहासाचं शालेय पुस्तक केलं, राज्याच्या समितीने ते नाकारलं, आणि आक्षेपांत अशाच एका छायाचित्राचा समावेश होता. लेखक न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये जिंकले. तरी निव्वळ निकाल सांगून पालकाचं समाधान होत नसतं. ग्रंथपाल म्हणाल्या, त्या चित्रात मेलेल्यापेक्षा बघ्यांचे चेहरे बघायला लावा. त्या पालकांनी पान पुन्हा उघडलं आणि बराच वेळ पाहिलं. विरोध मागे घेतला नाही, पण शिक्षकाने आधी घरी चिठ्ठी पाठवावी या अटीवर थांबले. अट मला मान्य आहे.

लोकरी गणवेशवाल्या सहकाऱ्यांनी जाता जाता 'मोजपट्टी' आठवली. १९२० च्या आसपास दक्षिणेच्या सैनिकांच्या वारस स्त्रियांच्या संघटनेतल्या मिल्ड्रेड रदरफर्ड या बाईंनी पुस्तकं तपासायची पुस्तिका काढली होती. दक्षिण गुलाम राखायला लढली असं जे पुस्तक म्हणेल ते नाकारा, आणि ग्रंथालयात असेल तर त्यावर 'दक्षिणेवर अन्याय करणारे' असं लिहा. "त्याही समितीवर बसल्या असत्या तर बैठक लवकर आटोपली असती," ते म्हणाले. सुपरवायझरबाई हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर अंदाजपत्रक होतं.

पैशाचं गणित रुक्ष आहे. छापील पुस्तक प्रत्येक मुलाला परवडत नाही. प्रकाशकाला ऑनलाइन परवाना विकायचाय, जो काही वर्षांनी संपतो आणि मग हातात काहीच उरत नाही. इथे फुकटची पुस्तकं मदतीला आली. 'द अमेरिकन यॉप' इतिहासकारांनी मिळून लिहिलेलं, कोणालाही ऑनलाइन वाचता येतं. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचंही आहे. दोन्ही कॉलेजच्या पातळीची, पण उतारे काढून द्यायला उत्तम.

निळं बाद झालं. गरुडवाल्याला दोन मतं. तपकिरी निवडलं गेलं, छापील, वर्गात ठेवण्यापुरतं. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रकरणाचा सोपा गोषवारा आम्हीच करायचा. म्हणजे माझा जुलै गेला.

५:१०

अभिप्रायाचा फॉर्म. 'निवडीचं कारण' या रकान्याला तीन ओळी दिल्यात. मी वेगळा कागद जोडला आणि दुपारच्या वर्गातलं चार प्रश्नचिन्हांचं ते पान, मुलाचं नाव झाकून, सोबत लावलं. बोर्डाचं मतदान पुढच्या महिन्यात. तोवर पुस्तक ग्रंथालयात लोकांना बघायला ठेवायचं असतं.

विक्रेत्याला मेल टाकली: राष्ट्रीय आवृत्ती, छापील, पक्क्या बांधणीची, ऑनलाइन परवाना नको. तासाभरात उत्तर आलं, परवाना घेतला तर शिक्षक आवृत्ती फुकट. आणि कळवलं की पुढच्या वर्षी नवी आवृत्ती येतेय, तेव्हा थांबणार का? नव्या आवृत्तीत रिकन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात काय बदललंय, तेवढी पानं आधी पाठवा, असं लिहून दिलं.