मंगल परिणयाचा मेकअप : चुका टाळा, झाल्या तर सावरा

गेल्या लग्नसराईत आम्ही एका मंगल परिणयाला गेलो होतो. पांढऱ्याशुभ्र साडीत वधू मंचावर आली आणि मंडपात कुजबुज सुरू झाली. मुलगी छान सावळी, तरतरीत नाकाची. पण चेहरा राखाडी, तर मान आणि हात मूळ रंगाचे. तिच्या आजीने सर्वांदेखत विचारले, "माझ्या नातीला पीठ कुणी फासलं?" लोक हसले. मुलगी मात्र हसली नाही. त्रिशरण-पंचशील घेतानाही तिची मान खालीच होती. कंपनीत हेल्परचे काम करणाऱ्या बापाने पार्लरवाल्यांना आठ हजार रुपये मोजले होते.

नटणे-मुरडणे हा आपल्या चळवळीचा विषय आहे का, असे काही बांधव विचारतील. आम्ही म्हणतो, आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले होते. लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि अंगावरचे जडशीळ दागिने पाहून लोक जात ओळखतात, ती खूण टाकून द्या, स्वच्छ व नीटनेटक्या राहा, असे त्यांनी सांगितले. राहणीचा संबंध त्यांनी थेट स्वाभिमानाशी जोडला. धम्माचेही नटण्याशी वैर नाही. उपोसथाला अष्टशील घेणारी उपासिका त्या दिवशी माळा, गंध, विलेपन वर्ज्य करते. पंचशील पाळणाऱ्या गृहस्थाला तशी मनाई नाही. तेव्हा नटावे, पण समजून नटावे. आमच्या वस्तीत पार्लर चालवणाऱ्या भगिनींकडून जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक रंगाची. फाउंडेशन आपल्या कातडीपेक्षा उजळ घेतले की सावळा चेहरा गोरा होत नाही, राखाडी होतो. गुलाबी झाकेच्या फाउंडेशननेही तेच होते. आपल्याकडे बहुतेकींना पिवळसर किंवा सोनेरी झाक शोभते. रंग पारखताना तो हातावर लावू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दारात येऊन उजेडात पाहा. दुकानातील ट्यूबलाइट फसवते. दहा मिनिटे थांबा, कारण काही फाउंडेशन हवा व तेल लागून गडद होतात. जो रंग कातडीत मिसळून दिसेनासा होईल, तो आपला. लग्नाआधी आठवडाभर एकदा पूर्ण मेकअप करून फोटो काढून पाहावा. काही पावडरी आरशात ठीक दिसतात, पण फ्लॅश पडला की फोटोत चेहरा पांढराफटक येतो.

ऐनवेळी चेहरा उजळ झालाच, तर वर आणखी थर देऊ नका. ओला स्पंज घट्ट पिळून त्याने जादा फाउंडेशन टिपून घ्या. गडद रंगाचे थोडे फाउंडेशन मिळाले तर ते त्यात मिसळा आणि कान, गळा, मान यांवरही हलका हात फिरवा.

दुसरी चूक घाईची. घामेजल्या चेहऱ्यावर पावडर थापली की तिचे पापुद्रे धरतात. आधी चेहरा धुवून, टिपून, थोडे मॉइश्चरायझर लावावे आणि पाच मिनिटे मुरू द्यावे. मे महिन्याच्या उकाड्यात थर जेवढा पातळ, तेवढा तो टिकतो. मंडपात घाम आला तर पुसू नका. मऊ सुती रुमालाने दाबून टिपा, मगच पावडरचा हलका हात द्या.

तिसरी चूक डोळ्यांची. काजळ खाली उतरून डोळे आजारी दिसतात. डोळ्यांखालचे तेल टिपून तेथे चिमूटभर पावडर लावली तर ते कमी पसरते. पसरलेच तर बोटाने चोळू नका. कापूस गुंडाळलेल्या काडीला किंचित कोल्ड क्रीम लावून तेवढेच पुसा. भुवया कुळकुळीत काळ्या कोरल्या तर चेहरा रागीट दिसतो. गडद तपकिरी पेन्सिलने केसांसारख्या बारीक रेषा ओढाव्यात. गालांची लाली जास्त झाली तर वरून थोडी पावडर फिरवली की ती निवते.

ओठांबाबत एवढेच, की सावळ्या वर्णावर फिकट गुलाबी लिपस्टिक निस्तेज दिसते. मरून, विटकरी, जांभूळ हे रंग खुलतात. फाटलेल्या ओठांना आदल्या रात्री व्हॅसलीन लावावे.

चौथी चूक उसनवारीची. एकच काजळ, एकच लिपस्टिक वधूपासून करवल्यांपर्यंत फिरते. त्यातून डोळे येतात, ओठांवरची तापाची पुळी एकीची दुसरीला होते. काजळ ज्याचे त्याचे असावे. आणि कितीही दमणूक झाली तरी मेकअप घेऊन झोपू नये. खोबरेल तेलाने तो सैल करून मग चेहरा धुवावा.

टिकलीबद्दलही सांगतो. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली किंवा रंग उडू लागला, तर ती टिकली त्याच दिवशी बंद करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या नात्यातील एका मुलीने पाहण्याच्या कार्यक्रमाआधी कुणीतरी दिलेले गोरेपणाचे क्रीम चार महिने लावले. आधी चेहरा उजळला, मग लाल झाला, उन्हात जळजळू लागला, कोवळे केस आले. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहून सांगितले, यात स्टेरॉइड आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे आहेत, शृंगार नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती चेहऱ्याला लावू नयेत. लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनाने एकदम थांबवल्यासही त्रास वाढू शकतो.

काही क्रीमांत तर पारा असतो. तो कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातील मायलेकींना असा त्रास झाल्याचे २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनीही गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा आजार नोंदवला. पायांना सूज, लघवीला फेस दिसला तर क्रीम थांबवून लगेच तपासणी करावी. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पण ही डबी घरात का येते? आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्यात फॉर्मवर "मुलगी गोरी हवी" असे लिहिले जाते म्हणून येते. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातील "फेअर" हा शब्द कंपनीने २०२० साली काढला. आपण मात्र आपल्या फॉर्मवरचा शब्द अजून काढलेला नाही. जातीने आपल्याला रंगावरून, वस्तीवरून, कपड्यांवरून हिणवले. तीच फूटपट्टी आपण आपल्या लेकींना लावायची का?

बांधवांनो आणि भगिनींनो, मेकअपची पहिली दुरुस्ती तेथून करा. लेकीला तिच्याच रंगाचे फाउंडेशन घेऊन द्या आणि तो रंग चांगला आहे हे तिला लहानपणापासून सांगा. मग मंचावर तिची मान खाली जाणार नाही.

जयभीम!