वजीरचा बाजार : सीमाभागातील शांतताकार्याचा एक पाठ

केनियाच्या ईशान्येस, सोमालिया व इथिओपियाच्या सीमांना लागून वजीर हा पशुपालकांचा कोरडा प्रदेश आहे. येथील वस्ती प्रामुख्याने सोमाली मुस्लिमांची आहे. धर्म एक, भाषा एक. कुळे मात्र वेगवेगळी. १९९१ मध्ये सोमालियातील शासन कोसळले आणि सीमेपलीकडून शस्त्रे येऊ लागली. त्यातच दुष्काळ पडला. पाणी, कुरणे व निवडणुकीतील सत्ता यांवरून कुळाकुळांत रक्तपात सुरू झाला. शासनाकडे दाद मागावी, तर १९८४ मध्ये वगल्ला येथे सुरक्षा दलांनीच केलेल्या हत्याकांडाची जखम अद्याप ओली होती.

पहिले पाऊल उचलले ते स्त्रियांनी. बाजारात दुसऱ्या कुळातील स्त्रीशी खरेदी-विक्री बंद पडली होती. १९९३ मध्ये डेखा इब्राहिम अब्दी व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी बाजार सर्वांना खुला राहील असे ठरवले आणि देखरेखीसाठी समिती नेमली. त्यानंतर वडीलधारी मंडळी पुढे आली. लहान कुळातील ज्येष्ठांनी मध्यस्थी केली, कारण त्यांच्याविषयी कोणालाच धास्ती नव्हती. त्याच वर्षी ‘अल-फतह जाहीरनामा’ संमत झाला.

१९९५ मध्ये या कार्याला जिल्हा प्रशासनाशी जोडलेल्या शांतता समितीचे रूप आले. जनावरांची चोरी वा खून झाल्याचे कळताच ज्येष्ठ, स्त्रिया, धर्मगुरू व सुरक्षा अधिकारी यांचे पथक तेथे पोहोचत असे. सूड घेतला जाण्यापूर्वी बोलणी सुरू व्हावीत, हा त्यामागील हेतू होता. २००७-०८ च्या निवडणूकोत्तर हिंसाचारानंतर अशा समित्या केनियाभर नेमण्याचे धोरण स्वीकारले गेले. डेखा यांना २००७ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

या पद्धतीच्या मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत. २००१ च्या मोडोगाशे जाहीरनाम्यात पुरुषाच्या हत्येची भरपाई १०० जनावरे, तर स्त्रीच्या हत्येची केवळ ५० ठरली. ज्या प्रदेशात शांततेचा आरंभ स्त्रियांनी केला, तेथेच त्यांच्या जिवाचे मोल निम्मे धरले गेले. २०१४ मध्ये वजीर-मंडेरा सीमेवर पुन्हा कुळसंघर्ष भडकला.

तात्पर्य, शांतता एकदा करार करून मिळत नाही. ती रोज राखावी लागते. पोलीस चौकी आवश्यकच आहे. परंतु शेजारणीकडून दूध घेता येणे, हीदेखील सुरक्षाच होय.