लडाखची सहल : प्रकृती आणि खिसा सांभाळून

जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या भारतीय शाळांना सुट्टी लागते आणि हमद टाउनमधली आपली बरीचशी मराठी बिऱ्हाडे मायदेशी जातात. गाठीभेटी, श्रावणातली पूजा, दाताचा डॉक्टर, बँकेची कामे यांत रजा कधी संपते ते कळत नाही. यंदा आम्ही त्यातले नऊ दिवस लडाखसाठी राखून ठेवले आहेत. माझा पेशा सॉफ्टवेअरचा. प्रोग्राम लिहिण्याआधी तो कुठे अडकेल याची यादी करायची सवय आहे. तशीच यादी या सहलीसाठी केली. सभासदांना उपयोगी पडेल म्हणून ती इथे देत आहे.

लडाखचे क्षेत्रफळ सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेतीन लाखांहूनही थोडी कमी. म्हणजे लेह सोडले की तासन् तास ना दवाखाना, ना औषधांचे दुकान. तयारी घरूनच करून निघायला हवी.

उंचीचा हिशेब

बहारीनमधला सर्वांत उंच डोंगर जबल अद-दुखान दीडशे मीटरही भरत नाही. लेह आहे सुमारे ३,५०० मीटरवर. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. खारदुंग ला खिंडीत (५,३५९ मीटर) तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात लेहला उतरवते. शरीराला मात्र जुळवून घ्यायला दिवस लागतात.

म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. भरपूर पाणी, हलके जेवण. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर ही उंची बाधल्याची लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. लगेच प्राणवायू द्यावा, खाली उतरवावे आणि रुग्णालय गाठावे. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे. प्रतिबंधासाठी अॅसिटाझोलामाइड हे औषध देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ती आधी सांगावी.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. लेहहून थेट पँगाँगला (सुमारे ४,२५० मीटर) मुक्कामाला गेले तर तो मोडतो. म्हणून आम्ही आधी नुब्रा खोरे घेतले आहे. तिथले दिस्कित लेहपेक्षा थोडे खालीच आहे. खारदुंग ला वाटेत लागते, पण तिथे थोडा वेळच थांबायचे.

कोणी जाऊ नये?

माझ्या बाबांना लडाख पाहायची फार इच्छा. वय ७०, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्यांचे अहवाल पाहून स्पष्ट "नको" म्हटले. फोनवर बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी फोटो बघेन." ऐकून वाईट वाटले, पण त्यांच्या हौसेपेक्षा त्यांचे हृदय मोलाचे. आता रजेतले पहिले चार दिवस आई-बाबांबरोबर महाबळेश्वरला, मग आम्ही चौघे लडाखला.

रक्तदाब, मधुमेह, दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी सल्ला घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिकलसेल विकार बहारीनमध्ये आढळतो, तसाच आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडेही. एरवी काहीच त्रास नसलेल्या सिकलसेल वाहकाच्याही प्लीहेला उंचीवर इजा होऊ शकते. घराण्यात इतिहास असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी.

पैशांचा हिशेब

लेहची विमाने हवामानामुळे रद्द होतात. बहारीनचे परतीचे तिकीट वेगळे काढले असेल आणि ते विमान चुकले, तर चौघांचे भाडे बुडू शकते. म्हणून लेह आणि बहारीन या दोन विमानांमध्ये आम्ही दोन मोकळे दिवस ठेवले आहेत. दिल्लीतल्या दोन रात्रींचे हॉटेल चार नव्या तिकिटांपेक्षा स्वस्तच पडते.

विमा घेताना तीन प्रश्न विचारावेत : मायदेशातला प्रवास त्यात येतो का? किती उंचीपर्यंत? जुने आजार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे का? उत्तर लेखी घ्यावे.

भारतीय पासपोर्टधारकांना लडाखच्या संरक्षित भागांसाठी इनर लाइन परमिटची अट २०२१ मध्ये काढली गेली. परदेशी पासपोर्टवर अमेरिकेहून नातेवाईक येणार असतील तर त्यांना वेगळा परवाना लागतो. तो आधी पाहावा. लेहमध्ये टॅक्सीचे दर संघटनेने ठरवलेले असतात. ते पाहूनच अंदाजपत्रक करावे. रोख रक्कम जवळ ठेवावी आणि एकूण खर्चाच्या पंधरा टक्के आडवेळेसाठी बाजूला काढावेत. आम्ही सप्टेंबरपासून दरमहा ठरावीक दिनार वेगळे ठेवत आलो. क्रेडिट कार्डावर कर्ज करून सहल करायची नाही, हा घरचा नियम.

कोणी सभासद याच सुमारास निघणार असतील तर जरूर भेटा. टॅक्सी वाटून घेतली तर दोन्ही घरांचे पैसे वाचतील.