मालिका मधूनच वाचायला घ्यावी काय?

छत्रपती संभाजीनगर : मुलाच्या हट्टापायी जपानी चित्रकथेचा एखादा खंड घरी येतो आणि उघडून पाहावे तर तो निघतो अठ्ठाविसावा. आधीच्या सत्तावीस खंडांची किंमत मनात येताच पालकांचा उत्साह मावळतो. 'मांगा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रकथांपैकी 'शोनेन', म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या मारधाडीच्या मालिका कमालीच्या लांबतात. 'नारुतो'चे ७२ खंड आहेत, तर १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'वन पीस'ने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. अशी मालिका मध्येच उचलली तर कितपत कळेल?

थोडा धीर धरल्यास बरेच कळते. त्याचे कारण या मालिकांच्या जन्मस्थानात आहे. १९६८ मध्ये निघालेल्या 'शोनेन जंप'सारख्या नियतकालिकांत त्या दर आठवड्याला सुमारे वीस पानांच्या प्रकरणांनी छापल्या जातात. वाचक आपली पसंती कार्डावर लिहून कळवतात आणि मागे पडलेली मालिका बंद होते. साहजिकच नव्या वाचकाला आत घेण्याची सोय लेखकाला पदोपदी करावी लागते. एखादा डाव टाकताना पात्र त्याचे नाव ओरडून सांगते, शेजारी उभा असलेला दुसरा त्याचा अर्थ उलगडतो. मोठ्यांना हे पोरकट वाटते. नवख्याला मात्र तोच आधार. 'चांदोबा'तील विक्रम-वेताळाची कथा दर महिन्याला त्याच परिच्छेदाने सुरू होई, त्यामागची सोय अशीच होती.

मधून सुरुवात करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण भारतीय प्रेक्षकांनी नकळत अनुभवले आहे. अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही १९८४ ते १९९५ या काळातील ४२ खंडांची एकच सलग मालिका. तिच्या उत्तरार्धावर बेतलेली 'ड्रॅगन बॉल झी' येथे कार्टून नेटवर्कवर दिसली आणि अनेकांची ओळख तिथूनच झाली. इंग्रजी प्रकाशकानेही पहिले सोळा खंड एका नावाने, तर उरलेले सव्वीस 'झी' या नावाने काढले. हा सांधा नेमका आहे : नायक गोकू मोठा झालेला आहे, त्याला मुलगा आहे आणि त्याच्या जन्माचे रहस्य प्रथमच उघड होते. तरीही काही निसटतेच. मुलाचे गोहान हे नाव गोकूला वाढवणाऱ्या वृद्धाचे आहे. पिकोलो कालपर्यंत कट्टर शत्रू होता. हे ठाऊक नसलेल्याला पिकोलोचे पुढचे वागणे निम्मेच भिडते.

'नारुतो'तही अठ्ठाविसाव्या खंडापासून अडीच वर्षांनंतरची कथा सुरू होते. सांधा इथेही स्वच्छ दिसतो, पण फसवा आहे. दुरावलेल्या मित्राला परत आणण्याची नायकाची तळमळ पहिल्या सत्तावीस खंडांत रुजलेली असल्याने ते वगळणे महागात पडते.

संभाजीनगरकरांना अजिंठा आठवेल. सतराव्या लेण्यातील काही जातककथांत प्रसंग काळाच्या क्रमाने नव्हे, तर स्थळानुसार मांडलेले आहेत. एकच व्यक्ती भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटते. अर्थात तेथे येणाऱ्या उपासकाला कथा बहुधा आधीच ठाऊक असे. मांगाच्या वाचकाला ती सवलत नाही.

भारतात २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला 'डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' पाहून सोळावा खंड शोधणाऱ्यांनी तर तसे मुळीच करू नये. चित्रपटातील लढाई त्या खंडात सुरू होते हे खरे, परंतु ही मालिका अवघ्या तेवीस खंडांची असून २०२० मध्येच संपली आहे. पहिल्यापासून वाचणे तिथे आवाक्यातले आहे.

लांबलचक मालिकेत मात्र नव्या कथानकाच्या आरंभी शिरावे, लढाईच्या मध्यात नव्हे. खंडाच्या सुरुवातीची पात्रओळख आणि मागील कथासार प्रथम वाचावे. आणि पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, हे मुलाने नव्हे तरी पालकाने लक्षात ठेवलेले बरे. पुष्कळदा शेवटचे पान आधी उघडते ते त्यामुळेच.